जोधपूर: महाडोलापासून झाडूपर्यंत

राजस्थानच्या सहलीत जोधपूरच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. जयपूर-उदयपूर उरकलेलं असतं, पुढे जैसलमेरचे उंट आणि वाळूच्या टेकड्या खुणावत असतात. मग सकाळी मेहरानगढ, दुपारी घंटाघराजवळ मिर्चीवडा आणि माखनिया लस्सी, संध्याकाळी निळ्या घरांचे फोटो, की गाडी सुटलीच. किल्ल्यातल्या संग्रहालयातून बहुतेक मंडळी तासाभरात बाहेर पडतात. शहरातल्या बाकीच्या संग्रहालयांची तर नावंही त्यांच्या कानांवर पडत नाहीत.

थारच्या वाळवंटाच्या तोंडाशी वसलेल्या या शहरात वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीप्रमाणे. अशा ठिकाणी सोन्याने मढवलेले महाल उभे राहिले, हातभर रुंदीची चित्रं रंगवली गेली, साडेतीनशेच्या घरात खोल्या असलेला राजवाडा बांधला गेला. इथल्या संग्रहालयांमधून फिरताना एक प्रश्न सोबत ठेवला, तर काचेआडच्या वस्तू एकदम बोलू लागतात: एवढ्या कोरड्या मुलखात हे जमलं कसं, आणि त्याची किंमत कोणी मोजली? काही उत्तरं किल्ल्यात मिळतात, काही सरकारी संग्रहालयाच्या धूळभरल्या दालनात, तर काही शहराबाहेरच्या एका जुन्या खाणीत, जिथे चक्क झाडू मांडून ठेवले आहेत.

आधी दगड, मग किल्ला

जोधपूर पाहायला सुरुवात करावी ती किल्ल्याच्या पायथ्यापासून. इथला खडक ज्वालामुखीतून आलेला आहे. सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांमधून तयार झालेल्या तांबूस-तपकिरी रायोलाइटवर पुढे वाळूचा खडक साचला. किल्ल्याखाली हे दोन खडक जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली आहे. घाईत वर चढणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षही जात नाही.

किल्ल्याला लागून 72 हेक्टरांवर राव जोधा डेझर्ट रॉक पार्क पसरलं आहे. छप्पर नसलेलं संग्रहालयच हे. 2006 साली काम सुरू झालं तेव्हा हा सगळा उतार वेड्या बाभळीने गिळलेला होता. महाराष्ट्रातल्या माळरानांवर आणि तलावांच्या काठी माजलेली जी वेडी बाभूळ, तीच ही. मूळची अमेरिका खंडातली. मारवाडात तिला बावळिया म्हणतात. महाराजा उम्मेदसिंहांनी तिचं बी विमानातून उधळलं होतं, अशी हकिकत जोधपुरात सर्रास सांगितली जाते. हेतू चांगला होता, उजाड टेकड्या हिरव्या करायच्या होत्या. पण या परदेशी झाडाने स्थानिक झुडपांना उभं राहायला जागाच ठेवली नाही.

वृक्षांचे अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्याकडे हा परिसर पूर्ववत करण्याचं काम आलं, तेव्हा खरी अडचण समोर आली. वेडी बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटते. तिला मारायचं, तर खडकाच्या फटीत शिरलेल्या मुळापर्यंत पोचायला हवं. यंत्रं, सुरुंग असले उपाय किल्ल्याखाली परवडणारे नव्हते. शेवटी कामी आले ते खांडवालिया, म्हणजे जोधपूरच्या दगडखाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले कारागीर. खडकावर हातोडा मारून उमटणाऱ्या आवाजावरून तो कुठे सलग आहे, कुठे भेगाळलेला आहे, हे ते ओळखतात. नेमक्या जागी छिन्नी लावून त्यांनी एकेक मूळ उपसून काढलं. रिकाम्या झालेल्या खड्ड्यांमध्ये थारमधली अस्सल झाडंझुडपं लावली गेली: थोर, गुग्गुळ, कुमटा, बोरी आणि कितीतरी प्रकारची गवतं. 2011मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी इथे आलं, तर वाळवंट म्हणजे नुसती वाळू हा समज पार पुसला जातो.

सोनं आणि चुना

राव जोधांनी 1459मध्ये जुनी राजधानी मंडोर सोडून या कातळावर किल्ल्याचा पाया घातला. जागा लढाईच्या दृष्टीने उत्तम, पाण्याच्या दृष्टीने अवघड. त्यामुळे किल्ल्याबरोबरच तलावाचंही काम निघालं. राव जोधांच्या राणी जसमादे यांच्या नावाशी जोडलेला राणीसर तलाव आजही किल्ल्यावरून दिसतो. पाया घालताना राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला जिवंत पुरण्यात आलं, अशी आठवण जोधपूर जपून आहे, आणि त्याच्या नावाचा शिलालेखही किल्ल्यात आहे. वर जाणारा पर्यटक तिथे क्षणभर थांबला, तर पुढच्या दालनांकडे तो जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

मेहरानगढ म्युझियम ट्रस्टची स्थापना 1972ची. आदल्याच वर्षी माजी संस्थानिकांचे तनखे बंद झाले होते. गजसिंह दुसरे वडिलांच्या विमान अपघातानंतर 1952मध्ये चार वर्षांचे असताना गादीवर बसले होते. आता त्यांच्याकडे एक प्रचंड, पडीक किल्ला होता आणि त्यात वटवाघळांची वस्ती. ती हटवल्यावर निघालेलं खत मिरचीच्या शेतकऱ्यांना विकून सुरुवातीचे पैसे उभे केले, असं सांगतात. आज देशातल्या सर्वांत नीटनेटक्या संग्रहालयांमध्ये मेहरानगढची गणना होते. कानाला लावून ऐकायचं ध्वनिमार्गदर्शन इथे मिळतं. ते आवर्जून घ्यावं.

आत शिरताच शृंगार चौकात संगमरवरी चौकी दिसते. राठोड राजांचा राज्याभिषेक हिच्यावर होई. पुढच्या दालनात हत्तींच्या अंबाऱ्या आहेत. त्यांतली चांदीची अंबारी शाहजहानने महाराजा जसवंतसिंहांना दिलेली. तिचे दोन खण नीट पाहावेत. पुढचा ऐसपैस खण राजासाठी, मागचा अरुंद खण चवरी ढाळणाऱ्या अंगरक्षकासाठी. दरबारातली पायरी हत्तीच्या पाठीवरही सुटत नसे.

मग येतो महाडोल. सोन्याचा मुलामा दिलेला, काचेची तावदानं बसवलेला हा मेणा म्हणजे एक फिरतं दालनच. तो उचलायला बारा भोई लागत. महाराजा अभयसिंहांनी 1730मध्ये गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान याचा पराभव केला आणि लुटीत हा महाडोल जोधपूरला आणला. किल्ल्यातला फूल महालही याच अभयसिंहांचा. त्याच्या छतावर आणि कमानींवर एवढं सोनं चढवलेलं आहे की, दुपारच्या उजेडात नजर ठरत नाही. हे सोनंही गुजरातच्या मोहिमेतून आलं, असं मानलं जातं.

पण याच 1730 सालाची दुसरी एक गोष्ट फूल महालाच्या दारात उभं राहून आठवायला हवी. राजवाड्याच्या बांधकामाला चुना लागत होता आणि चुन्याच्या भट्टीला लाकूड. ते आणायला अभयसिंहांची माणसं शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या खेजडली गावात गेली. वाळवंटात खेजडीचं झाड म्हणजे शेताला खत, जनावरांना पाला आणि माणसांना सांगरीच्या शेंगा. महाराष्ट्र दसऱ्याला जी शमी पुजतो, तीच ही खेजडी. गाव बिष्णोईंचं, आणि हिरवं झाड तोडायचं नाही हा त्यांचा धर्म. गावातल्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि कुऱ्हाडीला बळी पडल्या. त्यांच्यासह एकेक करत 363 माणसांनी प्राण दिले. अखेर राजाने वृक्षतोड थांबवली आणि बिष्णोईंच्या गावांत झाड तोडायला मनाई केली. खेजडलीत आज या हुतात्म्यांचं स्मारक आहे. महाडोल किल्ल्यातल्या काचेच्या दालनात आणि खेजडीची झाडं पंचवीस किलोमीटरवरच्या गावात, असं असलं तरी साल एकच आहे आणि राजाही एकच.

मोती महालाच्या भिंतींचा गिलावा शिंपल्यांची पूड मिसळून केलेला, म्हणून त्याला मोत्यासारखी झाक आहे. तख्तविलासात एकोणिसाव्या शतकातल्या महाराजा तख्तसिंहांची हौस दिसते. छताला चक्क ख्रिसमसच्या झाडावर टांगतात तसे रंगीत काचेचे गोळे लोंबकळतात. आणि लोहापोल दरवाज्याशी, भिंतीत, छोट्या-छोट्या हातांचे ठसे आहेत. 1843मध्ये महाराजा मानसिंहांच्या चितेवर गेलेल्या राण्यांचे हे ठसे असल्याचं सांगतात. लोक त्यांना कुंकू लावतात, काहीजण फोटो काढतात, काहीजण मान खाली घालून पुढे होतात.

रिकामं सोनं

याच मानसिंहांनी जोधपूरच्या चित्रकलेला अशा वळणावर नेलं की, जगभरचे कलाअभ्यासक दोनशे वर्षांनी चकित झाले. मेहरानगढच्या संग्रहातल्या या चित्रांचं प्रदर्शन 2008मध्ये वॉशिंग्टनला भरलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याआधी ही चित्रं फारशी कोणी पाहिलेली नव्हती.

त्यांतलं एक चित्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. चित्रकार बुलाकी, साल 1823. 'नाथचरित' या ग्रंथासाठी काढलेलं हे आडवं चित्र सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास रुंद आहे आणि तीन चौकटींत विभागलेलं आहे. पहिल्या चौकटीत काहीच नाही. नुसता सोनेरी रंग, कडेपासून कडेपर्यंत. दुसऱ्या चौकटीत त्याच सोन्यावर एक नाथ सिद्ध बसलेला आहे. तिसरीत पुन्हा एक सिद्ध, पण आता त्याच्याभोवती रुपेरी जळ पसरलेलं आहे. निराकार, मग चैतन्य, मग सृष्टीचं मूळ द्रव्य, असा हा क्रम. विश्वाच्या आधी काय होतं, याचं चित्र काढायला सांगितल्यावर बुलाकीने कागद सोन्याने भरून रिकामाच ठेवला. युरोपात असं चित्र काढायला अजून शंभर वर्षं जायची होती.

मानसिंह नाथपंथाकडे वळले त्यामागे गादीचा झगडा होता. तरुणपणी ते जालोरच्या किल्ल्यात वेढ्यात अडकले होते. शरण जायच्या बेतात असताना जालंधरनाथांच्या पुजाऱ्याने, आयस देवनाथांनी, आणखी थोडे दिवस तग धरा असं सांगितलं. तेवढ्यात 1803मध्ये जोधपूरचे महाराजा भीमसिंह वारले, वेढा उठला आणि मानसिंह राजे झाले. पुढची चाळीस वर्षं त्यांच्या दरबारावर नाथांचं राज्य चाललं. शहराबाहेर त्यांच्यासाठी महामंदिर उभं राहिलं, जमिनी दिल्या गेल्या, आणि चित्रशाळेतून नाथसिद्धांची शेकडो चित्रं बाहेर पडली. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा ज्या मत्स्येंद्रनाथ-गोरक्षनाथांपासून सुरू होते, तेच नाथ इथे मोठमोठ्या कागदांवर सोन्याच्या वर्खात भेटतात.

कागदावरचे रंग उजेडात उडतात. म्हणून अशी चित्रं कायम भिंतीवर ठेवत नाहीत, आलटून पालटून मांडतात. बुलाकीचं चित्र त्या दिवशी दालनात असेलच असं नाही, पण जोधपुरी चित्रं कशी पाहायची याचं गमक त्यात आहे. आधी मोकळी जागा पाहायची, मग माणसं.

मराठी माणसाला जोधपूरचा इतिहास आणखी एका बाजूने जवळचा आहे, आणि ही बाजू फारशी गोड नाही. राठोडांच्या भाऊबंदकीत पडलेल्या जयाप्पा शिंद्यांचा नागोरच्या वेढ्यात जुलै 1755मध्ये दग्याने खून झाला. बदल्यात मराठ्यांनी अजमेर घेतलं. 1790मध्ये मेडत्याला महादजी शिंद्यांच्या फौजेने राठोडांचा मोड केला. त्यामुळे मेहरानगढच्या शस्त्रदालनातली काही पाती मराठ्यांवर उगारली गेली असणार, हे धरून चालायला हरकत नाही.

आणि तरीही याच शहराने एका भोसल्यांना आसरा दिला. नागपूरचे अप्पासाहेब भोसले 1817मध्ये सीताबर्डीला इंग्रजांकडून हरले, पदच्युत झाले आणि कैदेतून निसटले. सातपुड्याचे डोंगर, असीरगड, पंजाब अशी वणवण करत ते जोधपूरला पोचले. मानसिंहांनी त्यांना नाथांच्या महामंदिरात ठेवून घेतलं. इंग्रजांनी मागणी केली, पण शरण आलेल्याला हवाली करायला मानसिंह तयार झाले नाहीत. 1840मध्ये अप्पासाहेब जोधपुरातच वारले. महामंदिर आता शहराच्या दाट वस्तीत आहे. चौऱ्याऐंशी खांबांचं हे देऊळ पाहायला पर्यटक क्वचितच येतात, नागपूरकरांनी तरी वाट वाकडी करून जायला हवं.

वाळवंटातला गोवर्धन

किल्ल्याची श्रीमंती पाहून उम्मेद उद्यानातल्या सरदार राजकीय संग्रहालयात गेलं की, पहिल्यांदा मन खट्टू होतं. संस्था 1909ची, इमारत 1936ची, आणि मांडणीही बरीचशी त्याच काळातली. पेंढा भरलेले प्राणी, हत्यारं, नाणी, शिलालेख, मूर्ती. काचेच्या जुन्या कपाटांमधून वाट काढत जावं लागतं. पण या शहराची सर्वांत जुनी गोष्ट इथेच आहे.

ती म्हणजे मंडोरहून आणलेले तोरणाचे दोन दगडी खांब. ते गुप्तकाळाच्या आसपासचे, म्हणजे किल्ल्याच्या हजारभर वर्षं आधीचे. त्यांच्यावर कृष्णचरित्र कोरलेलं आहे. एका जागी बाळकृष्णाने लाथेने गाडा उलथवलाय, एका जागी त्याने गोवर्धन उचललाय आणि खाली गाई-वासरं दाटीवाटीने उभी आहेत. दगड झिजलाय, चेहरे पुसट झालेत, पण जनावरं अजून ओळखू येतात. गंमत अशी की, ज्या मुलखात पावसाची वाट पाहण्यात हयात जाते, तिथल्या या प्राचीन शिल्पात अतिवृष्टीपासून गाई वाचवणारा देव कोरलेला आहे. त्याला कारणही आहे. मारवाडचा शेतकरी शेतीइतकाच, किंबहुना अधिकच, जनावरांवर जगत आला आहे. दुष्काळात पीक गेलं तरी कळप माळव्याकडे हाकत नेता येत असे. कळप वाचला, तर माणूस वाचला.

हे खांब जिथून आले ते मंडोर शहरापासून नऊ किलोमीटरवर आहे. तिथल्या बागेत मारवाडच्या राजांच्या छत्र्या आहेत, पण त्यांचा घाट देवळाचा. शिखरं, मंडप, कोरीव खांब असलेल्या या वास्तूंना इथे देवल म्हणतात. महाराजा अजितसिंहांचं देवल त्यांत सर्वांत भव्य. जवळच सलग खडकात कोरलेल्या वीरांच्या आणि देवतांच्या प्रचंड मूर्ती आहेत. पाबूजी, रामदेवजी, गोगाजी असे लोकदेव राजांच्या शेजारी घोड्यांवर बसलेले दिसतात. पाबूजींनी गाई सोडवताना प्राण दिले, अशी कथा आहे. म्हणजे गोवर्धनाचाच धागा पुढे चालू राहिलेला.

दुष्काळाने बांधलेला राजवाडा

शहराच्या दुसऱ्या टोकाला, चित्तर टेकडीवर, उम्मेद भवन आहे. आता त्याचे तीन भाग आहेत: एकात राजघराणं राहतं, एकात पंचतारांकित हॉटेल चालतं आणि उरलेल्या छोट्या भागात संग्रहालय आहे. 1920च्या दशकात मारवाडला लागोपाठ दुष्काळांनी गाठलं. लोकांना काम द्यायचं म्हणून महाराजा उम्मेदसिंहांनी 1929मध्ये या राजवाड्याचा पाया घातला. इंग्रज वास्तुरचनाकार हेन्री लँचेस्टर यांनी आराखडा केला. चित्तरचा पिवळसर दगड आणायला खास रेल्वेरूळ टाकले गेले. चुना-सिमेंटशिवाय दगडात दगड अडकवत काम चढत गेलं, आणि 1943मध्ये 347 खोल्यांचा राजवाडा उभा राहिला. तोवर दुष्काळ कधीच सरला होता.

1972चा दुष्काळ आठवणाऱ्या मराठी वाचकाला दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग हेच ठाऊक. त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळी कामावर राजवाडा बांधला, हे ऐकल्यावर त्याच्या कपाळावर आठी चढली तर नवल नाही. मात्र उम्मेदसिंहांनी नुसता राजवाडाच बांधला असं नव्हे. 1930च्या दशकात उम्मेदसागर जलाशय झाला. जवाई धरणाचं काम त्यांच्याच काळात, 1946मध्ये सुरू झालं, ते स्वातंत्र्यानंतर 1957मध्ये पुरं झालं. जवाईने जोधपूरची तहान भागवली. संग्रहालयात मात्र राजवाड्याची प्रतिकृती, राजघराण्याची भांडी, पवनचक्कीच्या आणि दीपगृहाच्या आकाराची घड्याळं जास्त जागा खातात. धरणाची गोष्ट पाहणाऱ्याने स्वतः जोडून घ्यायची.

महायुद्धामुळे राजवाड्याच्या नशिबी आणखी एक वळण आलं. लंडनला बनवून घेतलेलं फर्निचर घेऊन निघालेलं जहाज जर्मनांनी बुडवलं. त्याच सुमारास पोलंडवर हल्ला झाल्यावर देश सोडून निघालेला चित्रकार श्टेफान नोर्ब्लिन भारतात पोचला होता. महाराजांनी सजावटीचं काम त्याच्यावर सोपवलं. वॉर्सातल्या या चित्रकाराने मग राजवाड्याच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले. युरोपातल्या त्या काळच्या कोनाकोनांच्या शैलीतले त्याचे राम आणि सीता रविवर्म्याच्या चित्रांवर वाढलेल्या डोळ्यांना आधी विचित्र वाटतात, मग सोडवत नाहीत.

खाणीतलं संग्रहालय

राजेरजवाड्यांना मागे टाकून मोकलावास गावाच्या दिशेने निघालं की, तांबड्या दगडाची एक सोडून दिलेली खाण लागते. पावसाळ्यात तिच्या कड्यावरून झरा कोसळतो. इथेच आहे अरना झरना, थारच्या लोकजीवनाचं संग्रहालय. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांची ही कल्पना. 1960मध्ये त्यांनी लेखक विजयदान देथा यांच्यासोबत बोरुंदा गावात रूपायन संस्थान सुरू केलं. देथांनी लोककथा लिहून काढल्या. मणि कौल यांचा 'दुविधा' आणि पुढे आलेला 'पहेली' हे चित्रपट त्यांच्याच कथेवरचे. कोठारी लिहिण्यापेक्षा ऐकत फिरले. लंगा आणि मांगणियार गायकांचं हजारो तासांचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं. बकऱ्याचं कातडं मढवलेल्या गोल पोटाच्या कमायचाचा आवाज आज जगभर पोचला आहे, त्यामागे कोठारींचे हे फेरे आहेत.

कोठारींनी राजस्थानची विभागणी संस्थानांवरून केली नाही, तर धान्यावरून केली. बाजरी खाणारा प्रदेश, ज्वारी खाणारा, मका खाणारा. धान्य बदललं की माती बदलते, पाऊस बदलतो, गाणी, देव आणि भांडीही बदलतात, असं त्यांचं म्हणणं. मग अशा प्रदेशाचं संग्रहालय कोणत्या वस्तूपासून सुरू करायचं? उत्तर होतं झाडू. 2004मध्ये कोठारी गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी आणि अभ्यासक रुस्तम भरूचा यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे नेली.

झाडूंचं दालन हे या संग्रहालयाचं हृदय आहे. भिंतीवर, खुंट्यांवर, जमिनीवर नाना तऱ्हेचे झाडू. खजुरीच्या पात्यांचा, मुंजाचा, खींपाचा, पन्नी गवताचा, बांबूच्या काड्यांचा. जिथे जे गवत उगवतं, तिथे त्याचा झाडू. त्यामुळे झाडूंवरून त्या-त्या भागातल्या पावसाचा आणि जमिनीचा अंदाज बांधता येतो. घरात वापरायचे झाडू मऊ, अंगणात आणि रस्त्यावर वापरायचे राठ. खळ्यावर धान्य लोटायचा वेगळा. जवळून पाहिलं तर प्रत्येकाची मूठ वेगळी वळलेली दिसते. कुठे सुतळीचे पाच-सहा घट्ट वेढे, कुठे गवताचीच वेणी, कुठे रबराच्या ट्यूबची पट्टी आणि कुठे रंगीत प्लॅस्टिकची दोरी. बांधणाऱ्याच्या हाताशी त्या दिवशी जे होतं, ते मुठीत उतरलंय.

झाडूभोवतीचे संकेतही इथे नोंदवले आहेत. झाडू ओलांडू नये, पाय लावू नये, दिवेलागणीनंतर घर झाडू नये. मराठी घरात वाढलेल्यांना यातलं काहीच नवं नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणारी घरं महाराष्ट्रात आजही आहेत. तिथेही केरसुणी शिंदीच्या पात्यांची, अंगणातला खराटा नारळाच्या हिरांचा. आणि तिथेही केरसुणी बांधणारे हात मातंग समाजाचे, ज्यांना गावाने कायम वेशीबाहेर ठेवलं. अरना झरनामध्ये हा विरोधाभास झाकलेला नाही. झाडूला लक्ष्मी मानणाऱ्या समाजाने झाडू बांधणाऱ्या बागरियांना आणि झाडून पोट भरणाऱ्या माणसांना कुठे ठेवलं, हा प्रश्न ते दालन थेट विचारतं. किल्ल्यातल्या महाडोलाला बारा भोई लागत हे तिथे कळतं, पण त्यांच्याबद्दल पुढे काही कळत नाही. इथे वस्तू साधी आणि तिच्यामागची माणसं ठळक, असा उलटा हिशेब आहे.

पलीकडच्या दालनांमध्ये माठ, परात, कठपुतळ्या आणि लोकवाद्यं आहेत. आवारात वाळवंटातली झाडं आणि गवतं मुद्दाम वाढवली आहेत, म्हणजे भिंतीवरचा झाडू कशापासून झाला ते दाराबाहेरच पाहता येतं.

पाहायचं कसं

या सगळ्याला दोन दिवस पुरतात. पहिल्या सकाळी ऊन चढायच्या आत रॉक पार्क पाहावं, नंतर मेहरानगढला निदान तीन तास द्यावेत. उतरताना तूरजी का झालरा चुकवू नये. 1740च्या दशकात अभयसिंहांच्या राणीने बांधलेली ही बारव, दोनशे फुटांहून खोल. नळाला कालव्याचं पाणी आल्यावर शहर आपल्या बावड्या विसरलं. हीसुद्धा कचऱ्याने भरून गेली होती, ती अलीकडे उपसून साफ केली. दुसऱ्या दिवशी मंडोर आणि उम्मेद उद्यानातलं सरदार संग्रहालय एकापाठोपाठ पाहिलं, तर खांब आणि त्यांचं मूळ ठिकाण यांची सांगड बसते. दुपार उम्मेद भवनसाठी, आणि उन्हं उतरल्यावर अरना झरना. महामंदिर या दोन दिवसांत कुठेही बसतं.

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम चांगला. ऑक्टोबरमध्ये शरद पौर्णिमेच्या सुमारास मेहरानगढवर लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. 2007पासून चालत आलेल्या या महोत्सवात लंगा-मांगणियारांना त्यांच्याच मुलखात ऐकायला मिळतं, मात्र तेव्हा राहायची सोय आधीच करून ठेवावी लागते. सरकारी संग्रहालयांच्या सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. अरना झरना शहराबाहेर असल्यामुळे जायची-यायची मिळून एकच रिक्षा ठरवावी आणि रिक्षावाल्यालाही आत बोलवावं. भिंतीवरच्या झाडूंपैकी निम्म्यांची नावं त्याला फलक न वाचता सांगता येण्याची बरीच शक्यता आहे.